माहितीची पेटी: कार्यालयातले नियम प्रत्येकीपर्यंत कसे पोचवायचे?



या महिन्याचा पाठ ग्रामसंघ आणि प्रभागसंघाच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे, आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकीसाठीही आहे: व्यवस्थापक, लिपिका, सीआरपी ताई, बँक सखी, कृषी सखी, पशू सखी. शक्यतो एकटीने वाचू नका. मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत.

आधी कपाट उघडून पाहा

आपल्या कार्यालयातले कपाट डोळ्यांसमोर आणा. त्यात काय काय आहे? सदस्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, पासबुकाच्या पहिल्या पानाच्या प्रती, पासपोर्ट फोटो, जातीचे दाखले, कर्जाचे अर्ज, सह्यांचे आणि अंगठ्यांचे कागद, थकबाकीच्या याद्या. आता कपाट बंद करा आणि फोन उघडा. गॅलरीत खाली खाली जा. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, तेव्हा काढलेले आधार आणि पासबुकाचे फोटो अजून आहेत का? म्हणजे तो फोनही कपाटच झाला. फरक एवढाच की कार्यालयाच्या कपाटाला कुलूप असते आणि हे कपाट पोरांच्या हातात खेळायलाही जाते.

हे सगळे कागद ठेवलेत आपल्याकडे, पण माहिती आहे त्या त्या बाईची. तिने ती विश्वासाने दिली. तिचे कर्ज मंजूर व्हावे म्हणून दिली, अर्ज पुढे जावा म्हणून दिली. दुसऱ्या कशासाठी दिलेली नाही.

पेटीचा नियम आपल्याला माहीत आहे

गट सुरू झाला तेव्हा आपण एक शिस्त शिकलो: पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. कुणी चोर आहे म्हणून ही पद्धत पडली नाही. कुणावर संशय घ्यायची वेळच येऊ नये म्हणून पडली. मोठमोठ्या कंपन्यांत माहिती सुरक्षेचे जाडजूड धोरण असते. त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: सगळे एकाच हातात ठेवायचे नाही, आणि कुणी काय उघडले त्याची नोंद ठेवायची.

दुसरी गोष्ट पंचसूत्रीची. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज व्यवहार, नियमित परतफेड, हिशेबाचे लेखन. शाळेत न गेलेल्या आजीलाही ही पाच सूत्रे पाठ आहेत. का? ती लहान आहेत, आपल्या भाषेत आहेत, बैठकीत पुन्हा पुन्हा म्हटली जातात, आणि न पाळल्यास काय होते ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आजच्या पाठाचे सार हेच आहे. माहिती सांभाळायचे नियम पंचसूत्रीसारखे सांगितले तर ते राहतात. परिपत्रकासारखे सांगितले तर फाईलला लागतात.

काय बिघडू शकते?

कारण कळल्याशिवाय नियम गळी उतरत नाही. म्हणून आधी तीन प्रसंग पाहू.

*पहिला: अंगठा आणि आधार एकाच कागदावर.* बँक सखीच्या मशीनवर पैसे काढताना काय लागते? आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. ज्या आजीला पिन लक्षात राहत नाही तिच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण ठसे सिलिकॉनवर उतरवून लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेले आहेत. आता आपल्या फाईलमधला तो कर्जाचा अर्ज आठवा. वर आधार क्रमांक, मध्ये बँकेचे नाव, खाली ठळक अंगठा. चोराला लागणाऱ्या तिन्ही वस्तू एका पानावर. असा कागद झेरॉक्सच्या दुकानात विसरला, रद्दीत गेला किंवा फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर तो परत कसा आणायचा?

*दुसरा: थकबाकीची यादी.* वसुली व्हावी म्हणून कुणीतरी थकलेल्या सदस्यांची यादी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. हेतू चांगला असतो. पण ती यादी सासरी वाचली जाते, माहेरी जाते, पोरीच्या सोयरिकीच्या बोलण्यातही निघते. ती बाई पुढच्या बैठकीला येत नाही. हप्ता तर येत नाहीच, सदस्यही जाते. उलट बाजूचेही होते. दीर कार्यालयात येऊन सहज विचारतो, “वहिनीच्या नावावर बचत किती झाली?” लिपिका घरचाच माणूस समजून सांगते. घरात त्या रात्री काय होईल, हे तिला कसे कळणार? काही बायकांसाठी गटातली बचत हाच एकमेव पैसा असतो ज्याच्यावर घरात कुणाची नजर नसते.

*तिसरा: साहेबांचा फोन.* “जिल्ह्यातून बोलतोय, फिरता निधी अडकलाय, आलेला ओटीपी सांगा.” किंवा व्हॉट्सअॅपवर एक फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती योजनेची यादी नसते, ते एक अॅप असते. ते फोनमध्ये बसवले की फोनवर येणारे मेसेज दुसऱ्यालाही वाचता येऊ शकतात. ओटीपी मग सांगावाही लागत नाही.

तिन्ही प्रसंगांत आपल्या बाईचा हेतू वाईट नव्हता. नियमही कुठेतरी लिहिलेला असेल. तो तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

नियम पोचत का नाहीत?

आपल्याकडे साधारण असे होते. वरून परिपत्रक येते. व्यवस्थापक ताई बैठकीत भरभर वाचतात. सगळ्याजणी सही करतात. कागद फाईलला लागतो. सही म्हणजे समजले असे नाही. त्यात पुढचे पाच अडथळे असतात: भाषा अवघड असते, कारण सांगितलेले नसते, लिपिकेला आणि पशू सखीला एकच वीस कलमे वाचून दाखवलेली असतात, एकदाच सांगितलेले असते, आणि शेवटी ‘अन्यथा कारवाई करण्यात येईल’ असे लिहिलेले असते. हा पाचवा अडथळा सगळ्यांत महाग पडतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

सांगायचे कसे? सहा पायऱ्या

*पायरी १. आधी विचारा, मग लिहा.* नियम लिहिण्याआधी एक बैठक फक्त विचारण्यासाठी घ्या. प्रत्येकीने सांगायचे: माझ्याकडे कुणाची कोणती माहिती येते, ती कुठे राहते, कुणाकुणाला दिसते, काम झाल्यावर तिचे काय होते. मोठ्या कागदावर चार रकाने आखा आणि लिहीत जा. बँक सखी सांगेल की नेट नसले की बायका आधार कार्ड तिच्याकडे ठेवून जातात. सीआरपी ताई सांगेल की लोकोसवर नोंद करायला तिचा फोन चालत नाही म्हणून ती मुलाचा वापरते. या गोष्टी कार्यालयात बसून कळत नाहीत. आणि ज्या नियमात आपल्या अडचणीचा विचार झाला आहे तोच नियम बाई पाळते. फोन चालत नसेल तर फोनची सोय करा. ‘मुलाचा फोन वापरू नये’ एवढे लिहून भागणार नाही.

*पायरी २. बोलतो तसे लिहा.* हे वाक्य पाहा: ‘सदस्यांची संवेदनशील माहिती अनधिकृत माध्यमांद्वारे प्रसारित करण्यास सक्त मनाई आहे.’ यावरून काय करायचे ते कळले? आता हे पाहा: ‘आधार, पासबुक, थकबाकी यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. बँकेने मागितली तर कार्यालयाच्या ई-मेलवरूनच पाठवायची.’ दुसऱ्या वाक्यात काय नाही करायचे ते आहे, आणि मग काम कसे करायचे तेही आहे. मनाई केली की वाट दाखवली पाहिजे, नाहीतर बाई जुन्याच वाटेने जाते.

नमुन्यादाखल सात नियम देत आहोत. तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण सातच्या पुढे जाऊ नका.

१. ओटीपी, पिन, पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही. साहेबांना नाही, अध्यक्षांनाही नाही.
२. आधार, पासबुक, यादी ग्रुपवर टाकायची नाही. काम झालं की फोटो फोनमधून पुसायचा, कचरापेटीतूनही पुसायचा.
३. बाईची माहिती फक्त त्या बाईला. नवऱ्याला, दिराला, सरपंचाला विचारायचं असेल तर तिलाच विचारावं.
४. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही.
५. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं. पासवर्डची चिठ्ठी कॉम्प्युटरला चिकटवायची नाही.
६. अनोळखी फोन आला तर ठेवायचा आणि आपल्याजवळच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची. अनोळखी फाईल उघडायची नाही.
७. चूक झाली तर त्याच तासाला सांगायचं. सांगणारीला कुणी बोलायचं नाही.

*पायरी ३. जिचे काम तिचा नियम.* सातही नियम सगळ्यांना माहीत हवेत, पण प्रत्येकीला तिच्या कामाचे दोन नीट समजावून सांगा. बँक सखीला सांगायचे: रक्कम मोठ्याने सांगितल्याशिवाय बोट ठेवायला लावू नकोस, व्यवहार झाल्यावर पावती दे, मशीनने ठसा घेतला नाही तर दुसऱ्यांदा का घ्यायचा ते ग्राहकाला सांग. लिपिकेला सांगायचे: उठताना स्क्रीन बंद, कपाट बंद. सीआरपी ताईला सांगायचे: एका घरातल्या कर्जाची गोष्ट दुसऱ्या घरात चहाबरोबर निघू देऊ नकोस. पशू सखीला पासवर्डवर तासभर भाषण नको. तिच्या वहीत कुणाकडे किती शेळ्या ते लिहिलेले असते, ती वही कुठे ठेवायची ते सांगा.

*पायरी ४. बोलून दाखवू नका, करून दाखवा.* दहा मिनिटांचे नाटुकले बसवा. एकीने ‘साहेब’ व्हायचे, आवाज चढवायचा.

“जिल्हा कार्यालयातून बोलतोय. तुमच्या गटाचा निधी अडकलाय. आत्ता ओटीपी येईल, तेवढा सांगा.”

“साहेब, ओटीपी सांगायचा नाही असा आमच्या संघाचा ठराव आहे.”

“अहो, पाच वाजता पोर्टल बंद होतंय. पैसे परत गेले तर जबाबदार कोण?”

“मी अध्यक्ष ताईंना सांगते आणि कार्यालयाच्या नंबरवर उलट फोन लावते.”

“नाव काय तुमचं? वर तक्रार करतो.”

“करा साहेब. मी फोन ठेवते.”

प्रत्येकीला एकदा तरी हे शेवटचे वाक्य म्हणू द्या. पहिल्यांदा जीभ अडखळते, बाकीच्या हसतात, दुसऱ्यांदा नीट येते. यात ‘आमच्या संघाचा ठराव आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वीस वर्षांच्या पोरीला साहेबाच्या आवाजापुढे ‘नाही’ म्हणणे जड जाते. पण तिच्या पाठीशी ठराव असला तर ते ‘नाही’ तिचे एकटीचे राहत नाही, सगळ्या संघाचे होते. म्हणून हे सात नियम प्रभागसंघाच्या बैठकीत मांडा, ठराव करा, ठराव क्रमांक त्यावर लिहा. नियमाने कर्मचारी बांधली जाते हे खरे, पण तिला आधारही त्याचाच मिळतो. हे तिला असेच सांगा.

*पायरी ५. महिन्याला एक नियम.* सात नियम एका दिवशी सांगू नका. दर बैठकीत पंचसूत्रीनंतर एकच नियम घ्या, पाच मिनिटे. त्या महिन्यात काय अनुभव आला ते विचारा. सात महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नवी ताई कामाला लागली तर पहिल्याच दिवशी, लॉगिन हातात देण्याआधी सांगा. कुणी काम सोडले तर त्याच दिवशी तिचा पासवर्ड बदला, ग्रुपमधून काढा, कपाटाची किल्ली आणि वह्या यादी करून परत घ्या. यात अपमान नाही. कोषाध्यक्ष बदलताना आपण बँकेतली सही बदलतोच की.

*पायरी ६. पदाधिकाऱ्यांनी आधी पाळा.* अध्यक्ष ताई घाईत म्हणाल्या, “अगं, तुझा पासवर्ड दे, मीच करते,” की पहिला नियम त्याच दिवशी संपला. लिपिकेने “ताई, ठराव आहे” म्हटले आणि अध्यक्ष हसून “बरोबर बोललीस” म्हणाल्या, तर तो नियम भिंतीवर न लावताही टिकेल.

चूक झाली तर?

आता त्या ‘अन्यथा कारवाई’कडे येऊ. फसवणूक झाल्यावर सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो. लवकर कळवले तर पैसे वाटेत थांबवता येण्याची आशा असते. आणि भीती बसलेली बाई काय करते? लपवते. संध्याकाळपर्यंत रडते, नवऱ्याला सांगू की नको म्हणते, दोन दिवसांनी तोंड उघडते. तोवर पैसे गेलेले असतात.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांतही कळवण्याच्या वेळेला असेच महत्त्व आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराबद्दल बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्या माथी येते. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचे असते. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याचा फायदा आहेच.

म्हणून हा क्रम फोनजवळ लिहून लावा:

– १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनला फोन करा.
– बँकेला कळवून खाते किंवा कार्ड बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या.
– मेसेज, नंबर, स्क्रीनवरचे फोटो पुसू नका, ते पुरावे आहेत.
– व्यवस्थापक आणि अध्यक्षांना कळवा. ज्या सदस्याची माहिती गेली, तिला आपण होऊन सांगा. तिला बाहेरून कळले तर विश्वास जातो.
– आधार आणि ठशाची शंका असेल तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून बायोमेट्रिक लॉक करता येते. लॉक असेपर्यंत ठसा चालत नाही, म्हणून पैसे काढायच्या आधी ते उघडावे लागते, हेही सदस्याला समजावून सांगा. आधारची हेल्पलाईन १९४७.

सातव्या नियमात ‘बोलायचं नाही’ असे म्हटले आहे. याचा अर्थ सगळे माफ असा नाही. मुद्दाम माहिती विकली, पैसे काढले, तर ती चोरीच आहे आणि त्याची तक्रार करायची. पण चुकून झाले आणि स्वतः येऊन सांगितले, तर आधी नुकसान थांबवा, मग नियम कुठे कमी पडला ते सगळ्यांनी मिळून पाहा. पहिली बाई सांगायला आली तेव्हा आपण कसे वागलो, हे बाकीच्या सगळ्याजणी बघत असतात. त्यावरून दुसरी येईल की नाही ते ठरते.

कायदा काय म्हणतो?

२०२३ साली संसदेने डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा गाभा आपल्याला सहज कळण्यासारखा आहे. माहिती घेताना कशासाठी घेतो ते सांगायचे आणि संमती घ्यायची. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. काम संपले आणि ठेवण्याचे कायदेशीर कारण उरले नाही, की काढून टाकायची. आणि संमती मागताना ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यायची. त्या भाषांत आपली मराठी आहे. म्हणजे माणसाला समजेल असे सांगावे, ही अपेक्षा कायद्यातही आहे.

आपल्यापुरते सोपे काम: जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे मास्क केलेले आधार घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कर्जासाठी’ असे लिहून तारीख घाला. दुसऱ्या कामाला ती प्रत वापरणे मग अवघड जाते.

बैठकीत चर्चेसाठी

१. सदस्य आजारी आहे. तिचा नवरा कार्यालयात येऊन तिच्या कर्जाची बाकी विचारतो. तो भला माणूस आहे, हप्ता भरायलाच आला आहे. लिपिकेने काय करावे? (संकेत: बाईला फोन लावून तिच्या तोंडून ‘सांगा’ ऐकायला किती वेळ लागतो?)
२. आपल्या कार्यालयातल्या पाच वर्षांपूर्वीच्या झेरॉक्स कुठे आहेत? त्यातल्या कोणत्या लेखापरीक्षणासाठी ठेवाव्या लागतात? बाकीच्या रद्दीत न देता फाडून किंवा जाळून कोण टाकणार, कधी?
३. लिपिका रजेवर आहे आणि आजच नोंद करायची आहे. पासवर्ड न मागता काम कसे होईल? दुसरे लॉगिन कुणाच्या नावे घ्यावे?
४. आपल्यातल्या सगळ्यांत नव्या ताईला आत्ता उभे करा आणि विचारा: “चूक झाली तर आधी कुणाला सांगशील?” तिने लगेच एक नाव घेतले तर आपले सांगणे पोचले. ती इकडेतिकडे बघू लागली, तर तिला रागावू नका. पुढच्या बैठकीत सातवा नियम पहिला घ्या.

पुढच्या महिन्यापर्यंतचे काम: प्रत्येक ग्रामसंघाने चार रकान्यांची यादी पूर्ण करावी, नियमांचा ठराव मांडावा, आणि प्रत्येक ताईने आपल्या फोनमधले दुसऱ्यांच्या आधार-पासबुकाचे फोटो आज रात्री झोपण्याआधी पुसावेत. जे एखाद्या चालू कामासाठी लागणार आहेत तेवढेच कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवा आणि ते कधी पुसायचे ती तारीख वहीत लिहून ठेवा.